अध्यक्षाबाईंच्या घरी विजया

दवनीवाड्यात अनुसयाबाई नुसत्या खाकरल्या तरी पानठेल्यामागची बाटली शर्टाखाली जायची. गावच्या दारूबंदी मंडळाच्या त्या अध्यक्ष. दारू, गांजा, तंबाखूचा खर्रा, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच न्याय. एकदा कुणाच्या तरी परसातली गांजाची रोपं त्यांनी मुळासकट उपटली आणि मालकालाच ती डोक्यावर घेऊन चौकीपर्यंत न्यायला लावली. "माह्या घरी पोलीस फुकट आहे," असं त्यांचे यजमान टेकचंदभाऊ हसत सांगत.

त्याच टेकचंदभाऊंच्या आतड्यात गाठ निघाली. नागपूरला किमो सुरू झाली. गाठ आटत होती खरी, पण सोबत माणूसही आटत होता. पेजेचा घोटसुद्धा पोटात राहीना. उलटीच्या गोळ्या बदलून बदलून झाल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. म्हणजे सगळं येऊन अडलं ते जेवणाच्या ताटावर.

एके दिवशी मुलगा, इंद्रकुमार, गाडीच्या सीटखाली लपवून गांजाची पुडी घेऊन आला. परदेशात किमोच्या रोग्यांना देतात, असं त्यानं मोबाइलवर वाचलं होतं.

"काऊन आनलास हे घरात?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"बाबा उपाशी मरून राहिले, म्हनून."

 अनुसयाबाईंनी पुडी शेणखताच्या खड्ड्यात गाडली आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाची बस धरली. तिथल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर दुर्गाप्रसादांचा दवाखाना खच्चून भरलेला. हळू बोलणं अनुसयाबाईंना जन्मात जमलं नाही.

"डॉक्टरसाहेब, आमच्या यायले गांज्याची दवाई देता येते का?"

बाहेर मोबाइलमध्ये घुसलेल्या माना एकदम वर आल्या. डॉक्टरांनी "माताजी, धीरे!" म्हणत उठून दार लोटलं. आता खडसावतील, म्हणून अनुसयाबाईंनी पदर खोचून तयारी केली. डॉक्टरांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सच बताऊं? मुझे नहीं मालूम. हमें ये पढ़ाया ही नहीं गया. थोड़ा वक्त दीजिए, पता करता हूं."

डॉक्टरच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द! अनुसयाबाई पाहतच राहिल्या. देवळातल्या मूर्तीनं कूस बदलावी तसं त्यांना झालं. आणि माणूस बोलून थांबला नाही. जन्मभर वैद्यांना 'चूरनवाले' म्हणणारे हे डॉक्टर स्कूटर काढून वैद्य पुष्पांजलीबाईंकडे गेले आणि रोग्यांच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसून राहिले.

पुष्पांजलीबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. पुडी बाळगणं हा गुन्हाच. पण भांगेच्या पानांपासून केलेलं औषधी तेल, आयुर्वेद ज्याला विजया म्हणतो, ते वैद्याच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. "गाठ यानं जाणार नाही," त्यांनी साफ बजावलं. "मळमळ कमी झाली तर झाली. आणि नागपूरला विचारल्याशिवाय एक थेंब द्यायचा नाही." नागपूरचा होकार आला, मगच बाटली घरी आली.

तरी अनुसयाबाईंनी ती उघडली नाही. आधी मंडळाची सभा बोलावली.

"माह्या घरी भांगेचं तेल आलं आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "लपवून देलं तर मले ते नशाच वाटन. म्हनून सांगून राहिली. अध्यक्ष दुसरी पाहा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कुंदाबाई उठली. तिचं आणि अनुसयाबाईंचं कधी पटलं नव्हतं.

"दुसरी कोन? तुह्यावानी बोंबलाले कोनाले जमते? जा घरी, भाऊजीले दवाई दे."

पहिल्या थेंबांनी टेकचंदभाऊंना नुसती गुंगी आली, डोकं गरगरलं. पुष्पांजलीबाईंनी थेंब कमी केले. पुन्हा वाट पाहणं आलं. मग एका दुपारी भात आणि लाखोरीची डाळ घेऊन भाऊ भिंतीला टेकून बसले. दोन घास घेऊन थांबले. अनुसयाबाईंनी सवयीनं उलटीचं घमेलं पुढे सरकवलं. भाऊंनी ते हातानं बाजूला केलं आणि तिसरा घास घेतला. मग चौथा. बाई बघत होत्या. या माणसाला आयुष्यभर वाढलं, पण माणूस जेवतो म्हणजे केवढी मोठी गोष्ट घडते, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

"आनखी वाढ," भाऊ म्हणाले.

 बाई रिकाम्या ताटाकडेच बघत बसल्या. शेवटी भाऊच भिंत धरून उठले, चुलीपाशी गेले आणि स्वतःच भात वाढून घेऊ लागले. अर्धा ताटात, अर्धा जमिनीवर.

"सांडून राहिला ना जी भात," एवढंच त्या म्हणाल्या. आणि रडत रडत त्यांनी खाली पडलेलं एकेक शीत वेचून स्वतःच्या तोंडात टाकलं.