तिघांचा फोटो

मुंबई टिपायला निघालो तेव्हा माझ्याकडे एक उसना डबा कॅमेरा होता आणि त्यात एकच रोल. म्हणजे बारा फोटो. आमच्या कणकवलीतल्या एका स्टुडिओच्या मालकांनी अट घातली होती: चार दिवसांत मुंबईचे बारा फोटो आण, त्यातला एक जरी बरा निघाला तर नोकरी तुझी. नाहीतर आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकायचं काम माझी वाट बघतच होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. बारा फोटोंत मुंबई मावेल असं वाटण्याइतका मी तेव्हा हुशार होतो.

उतरलो वाकोल्याला, मावशीकडे. कॅमेरा पिशवीतून बाहेर येताच घरात दिवाळी. काका नवा सदरा घालून आले. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आता ते अंधेरीला एका कारखान्याच्या गेटवर बसत. मावशी, काका आणि त्यांची मुलगी दारात ओळीने उभे राहिले, जणू झेंडावंदन आहे. मी बटण दाबणार, तोच मावशी किंचाळली, "थांब रे मेल्या! तिघांचो फोटो काढूचो नसता! तिघांतलो एक जाता!"

मग चौथा माणूस शोधणं आलं. शेजारचे गृहस्थ अर्ध्या गालावर साबण घेऊन धावत आले आणि अजरामर झाले.

दुसऱ्या दिवशी आरे कॉलनी. मला झाडांतून वळत जाणारा रस्ता हवा होता. मिळाले मावशी, काका, मुलगी. जंगलात चौथा कुठून आणायचा? "म्हैस चालेल का?" मी विचारलं. मावशी तासभर बोलली नाही. शेवटी थांब्यावर उभ्या बसचा कंडक्टर चौथा झाला, आणि आतले प्रवासी आम्हा पाचही जणांच्या कुळाचा उद्धार करत राहिले. असे अकरा फोटो सत्कारणी लागले. मुंबई अजून एकाही फोटोत आलेली नव्हती.

शेवटच्या दिवशी वर्सोव्याहून होडीने मढला गेलो. मावशीला बजावलं, "हा एक फोटो माझा. मधे यायचं नाही." तीही गुमान लांब बसली. किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, तीन कोळणी ते उलटत होत्या, आणि ऊन असं तिरपं पडलं होतं की माझ्यासारख्या गाढवालाही चांगला फोटो काढता यावा. श्वास रोखला. बटण दाबलं. नेमकं त्याच क्षणी चौकटीत मावशी.

"तिघी होत्यो रे!" ती धापा टाकत म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "अक्कल आहे का तुला? वाट लावलीस माझी! तुझ्या खुळापायी माझी नोकरी गेली!" कोळणी हसायच्या थांबल्या.  परतताना होडीत पाण्याकडे बघत मावशी एवढंच म्हणाली, "त्यांचीय घराक वाट बघणारी माणसां आसतीत ना रे."

मी तोंड फिरवून बसलो.

कणकवलीत मालकांनी अकरा फोटो पत्ते पिसल्यासारखे बाजूला टाकले. "ह्यो काय लग्नाचो अल्बम?" मग बाराव्यावर थांबले. बोंबलांच्या माळांखाली तीन कोळणी पोट धरून हसतायत, आणि मधोमध माझी मावशी, हात ताठ, चेहरा गंभीर, जणू तिच्यावाचून त्या तिघींचं काही खरं नाही. मालकांनी फोटो दाराशी नेऊन उजेडात धरला. "ह्यो फोटो तुका सुचलो कसो?"

"ठरवूनच काढला," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

नोकरी लागल्याचं मी मावशीला कळवलं. कशामुळे लागली ते लिहिलं नाही. लिहायचं तर आधी माफी मागावी लागली असती, आणि मला लाज वाटत होती. आठवड्याभरात तिचं पोस्टकार्ड आलं. खूप आनंद झाला, लिहिलं होतं. आणि खाली, उरलेल्या जागेत दाटीवाटीने: माझ्यामुळे तुझा एक फोटो फुकट गेला, तेवढा राग मनात ठेवू नको.