शेखबाईंचा ओला बोळा

फळ्यावर सुरेख चित्र काढायचं आणि पोरांनी वही उघडली रे उघडली की ओल्या बोळ्यानं ते पुसून टाकायचं, ही शेखबाईंची खोड होती. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. मधे एक गोल, गोलातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळीवर कुठं ढग, कुठं गांडूळ, कुठं नुसतंच गाढव. पुस्तकातला अख्खा धडा बाई एका फळ्यावर असा मांडायच्या की खिडकीतून बघणाऱ्या माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही भूगोल कळायचा. आणि मग बोळा फिरायचा. पोरं हळहळायची. बाई म्हणायच्या, "माझं मी जेवले. आता माझ्या ताटातलं उष्टं कशापायी खाताय? आपापलं वाढून घ्या."

उष्टं हा त्यांचा ठेवणीतला शब्द. गाईड उष्टं, झेरॉक्सच्या नोट्स उष्ट्या, सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार तर शिळं आणि उष्टं. एखाद्या पोराच्या दप्तरात गाईड सापडलं तर मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून त्या ते ऑफिसात नेऊन टाकायच्या आणि येताना नळावर हात धुवायच्या. हे नाटक नव्हतं. नकललेली वही बघितली की त्यांचा चेहरा खरोखरच पडायचा.

बाई कासुर्डीच्या. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमची शाळा हायवे सोडून आत, राहू गावाच्या बाजूला, म्हणून बाईंना रोज दोन गाड्या बदलून यावं लागायचं. अंगानं ठेंगण्या, डोक्यावरून पदर, बोटं कायम खडूनं पांढरी. बोलणं अस्सल गावाकडचं. शिकवताना तरी शुद्ध बोला, असं मुख्याध्यापकांनी एकदा सुचवलं, तेव्हा "पोरांना समजायचं थांबलं की बोलते शुद्ध" असं सांगून त्या वर्गावर निघून गेल्या.

फळा पुसला की बाई वर्ग व्हरांड्यात काढायच्या. प्रत्येकाला एक फरशी आणि खडूचा तुकडा. एकदा धडा होता पाण्याचा. सातवीत मनीषा नावाची मुलगी होती, तिचा आवाज शाळेत कुणी ऐकलेला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. मुकीच आहे असं धरून आम्ही बाकीचे मास्तर चाललो होतो. त्या दिवशी बाकीच्यांनी मधे गोल काढून 'पाणी' लिहिलं, मनीषानं हंडा काढला. हंड्यातून एक फांदी मानेकडं गेली, एक बोअरच्या मोटारीकडं, आणि एका फांदीच्या टोकाला तोंड वासलेली बाई.

शेखबाई तिच्या शेजारी फतकल मारून बसल्या. "ही कोण गं?"

"चुलती," मनीषा म्हणाली. अख्ख्या व्हरांड्यानं माना वळवल्या.

"आन् चुलती पाण्यात कशी आली?"

मग मनीषा जी बोलायला लागली ती घंटा झाली तरी थांबेना. बोअर सामाईक होतं, बटण चुलतीच्या घरात होतं, आणि चुलतीचा पारा चढला की मनीषाच्या डोक्यावर हंडा चढायचा. बाईंनी हं हं करत चुलतीच्या खालून एक रेघ जमिनीत उतरवली, तिथं खडक काढला, मुरूम काढला, आणि बोअर का आटतं, हे त्याच चित्रात सांगितलं. सहामाहीत भूजलाचं उत्तर मनीषानं चुलतीपासून सुरू केलं होतं आणि ते बरोबर होतं. बाई मला म्हणाल्या, "सर, पोरीच्या डोक्यात समदं हुतं. भाईर यायला वाट न्हवती. रेघंनं वाट केली, बाकी काय न्हाई."

वाट करायची ही सवय त्यांची वर्गापुरती नव्हती. स्नेहसंमेलन आलं की त्या व्हरांडाभर खडूनं रंगमंच, पडदे, मांडव, चहाची किटली आखायच्या आणि आम्हा सगळ्यांना आपापल्या जागी उभं करायच्या. कुणाची धडक कुणाशी होणार हे तिथंच दिसायचं, पुढं कार्यक्रमात गोंधळ व्हायचा नाही. सभेत मुख्याध्यापक बोलत असले की बाईंच्या कागदावर नुसता एक गोल असायचा. मी विचारलं तर हळूच म्हणाल्या, "मघाधरनं वाट बघतीय. फांदीच फुटंना."

मग शिरूरला एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण लागलं. कोट घातलेल्या एका तरुणानं पडद्यावर मधला गोल दाखवला, फांद्या दाखवल्या. याला माईंड मॅप म्हणतात, रेघा आणि चित्रं असली की गोष्ट डोक्यात ठसते, कामाचा गुंता सुटतो, असं त्यानं छान समजावलं. प्रत्येकाचा नकाशा वेगळा यायला हवा, हेही तो म्हणाला होता, पण तोवर जेवणाची वेळ झाली होती. बाईंनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. परतताना गाडीत म्हणाल्या, "चला, आमच्या येडेपणाला नाव तरी मिळालं." इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्या संस्थेचे सचिव, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, यांच्या कानावर हे माईंड मॅप गेलं. आपली शाळा यात तालुक्यात पहिली आली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि दौंडहून फ्लेक्स छापून आणले. प्रत्येक धड्याला एक तयार नकाशा. कोपऱ्यात हात जोडलेले आप्पा, मधल्या गोलापेक्षा मोठे. वर्गावर्गांत त्या फ्लेक्सचा रबरी वास कोंडला. आणि मग पोरांना ते नकाशे पाठ करायला लावले. हो, पाठ. टाळ्यांच्या ठेक्यावर सातवी ओरडायची, "मधे पाणी, निळा गोल, पहिली फांदी हिरवी, उपयोग!" घोकंपट्टीपासून सुटका म्हणून जी युक्ती निघाली, तिचीच घोकंपट्टी. चाचणीत फांदीचा रंग चुकला तर अर्धा गुण कापायचा, असा फतवा निघाला. किळस हा शब्द मी जपून वापरतो. इथं तो मला कमी पडतो.

पाहुणे शाळा बघायला यायचे होते. त्यांच्यासाठी व्हरांडा धुऊन घेतला आणि फरशीवर खडू लावायला बंदी झाली. बाई स्टाफरूममध्ये आप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"आप्पा, ती मनीषा आत्ता कुठं बोलाया लागलीय. तिच्या म्होरं हे टांगलं तर पोरगी परत गप व्हईल."

"गप कशी व्हईल? तिलाच पुढं करू की," आप्पा हसत म्हणाले. "पाठ करून घ्या तिच्याकडनं. पाहुण्यांना काय पोरांच्या रेघोट्या दावायच्या?"

मी मधे बोलायला गेलो तर आप्पांनी मला मराठीचं मराठीच्या तासाला बघायला सांगितलं. बाईंनी पाठ करून घेतलं नाही. दुसऱ्या एका मास्तरानं घेतलं, मोठ्या हौसेनं.

पाहुणे आले. मनीषा फ्लेक्सशेजारी ताठ उभी राहिली आणि एका दमात बोलली. मधे निळा गोल, त्यातून सहा फांद्या, पहिली हिरवी, दुसरी पिवळी. कुठं अडखळली नाही. टाळ्या पडल्या. आप्पांनी पाहुण्यांकडं बघून मान डोलावली. पाहुणे भले गृहस्थ होते. कौतुकानं त्यांनी विचारलं, "छान. तुमच्या घरी पाणी कुठून येतं, बाळ?"

मनीषा वळली आणि फ्लेक्सवर शोधायला लागली. हिरव्या फांदीवर बघितलं, पिवळीवर बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "ते ह्यात न्हाई." पाहुणे हसले, आप्पा हसले, सगळे चहाला गेले.

बाई नळावर होत्या. ओंजळीनं चूळ भरत होत्या, थुंकत होत्या, पुन्हा भरत होत्या. मी जवळ गेलो तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरीच्या तोंडात उष्टं कोंबलं हो, सर." त्या वर्षी मनीषा पुन्हा हजेरीला नुसता हात वर करण्यावर आली.

पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. मनीषा सुट्टीच्या दिवशी कासुर्डीला त्यांच्याकडं जाते, असं कानावर यायचं. तिथं अंगणात काय चालायचं ते मला माहीत नाही. ती दौंडला कॉलेजला गेली आणि गेल्या वर्षी बाई आजारानं गेल्या. कासुर्डीला मातीला गेलो तेव्हा मनीषा भिंतीला टेकून उभी होती, कुणाशी बोलली नाही.

शाळेनं बाईंचं स्मारक करायचं ठरवलं. मी सुट्टीवरून परत आलो तर व्हरांड्याच्या भिंतीवर एक प्रचंड माईंड मॅप. मधल्या गोलात 'कै. शेख मॅडम', आणि सहा फांद्या: शिस्त, सेवा, त्याग, निष्ठा, संस्कार, वक्तशीरपणा. वक्तशीरपणा! दोन गाड्या बदलून येणारी ती बाई आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनेला चुकायची. एका पोराला तो नकाशा वहीत उतरवताना पाहिलं आणि मला भडभडून आलं, रागानं आणि शिसारीनं. शाळा सुटल्यावर ओला बोळा घेऊन मी ती भिंत घासून पाहिली. ऑइलपेंट आहे, जात नाही.

अनावरणाच्या दिवशी माजी विद्यार्थिनी म्हणून मनीषाला बोलायला उभं केलं. माइक हातात घेऊन ती त्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिली. ती पुन्हा शोधतेय असं मला वाटलं. मग तिनं माइक खाली ठेवला, एका पोरीकडून खडू मागून घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर फरशीवर फतकल मारली. मधे गोल काढला नाही, हंडा काढला. काढता काढता ती बोलत होती, माइकशिवाय. मागच्यांना ऐकू येईना म्हणून ते उठून पुढं आले, वाकून बघू लागले. हंड्यातून बाईंपर्यंत फांदी कशी गेली ते मी पाहिलं. ते तिचं आहे, इथं सांगत नाही.

मुख्याध्यापकांनी फोटोसाठी मोबाइल काढला. तेवढ्यात तिनं पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, ओढणीचं टोक भिजवलं आणि सगळं पुसून टाकलं.

"अगं, राहू द्यायचं की," आप्पा कळवळून म्हणाले. "भिंतीवर काढून घेतलं असतं."

"म्हणूनच पुसलं, आप्पा," मनीषा म्हणाली.