प्रशिकनं केलेलं ‘आजचं’

त्या सोमवारी स्टाफरूममध्ये मी बी. ए. पहिल्या वर्षाचा मस्टर शोधत होते, तेव्हा फोन वाजला. प्रशिकचं नाव दिसलं म्हणून उचलता उचलताच म्हणाले, “बस चुकली ना? पहिला तास गेला तुझा.” दर शनिवारी तो नागभीडला घरी जायचा आणि सोमवारी सकाळी वडसामार्गे कुरखेड्याला परत यायचा. ती सकाळची बस त्याची बरेचदा चुकायची. पण पलीकडून त्याचे वडील बोलत होते. “बाई, प्रशिक गेला.” मी विचारलं, “कधी निघाला? एव्हाना पोचायला हवा होता.” मग ते म्हणाले, “तसा नाई, बाई... गेला तो.”

त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मस्टर सापडला, तो घेऊन मी वर्गात गेले आणि हजेरी घ्यायला लागले. कुणीतरी “हजर” म्हणालं, पुन्हा तेच म्हणालं, मग तिसऱ्यांदा. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही एकच नाव घेऊन राह्यल्या.” मी मस्टर मिटला. मुलांना काही न सांगता बाहेर आले. माझ्या फोनवर त्याचा रविवारी सकाळचा निरोप होता: “मॅडम, बटण खाली आणलं. अंगठ्यानं दाबून पाहा.” तो मी वाचला होता. बटण अजून दाबून पाहिलं नव्हतं.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रशिक आमच्या महाविद्यालयात कंत्राटी तत्त्वावर संगणक शिकवायचा. वय तिशीच्या आसपास, काटकुळा, जाड चष्मा, हातात कायम पाण्याची मोठी बाटली. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यानं नागपूरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात एका कंपनीत चांगली नोकरी केली आणि मग ती सोडून परत आला. का आला, ते इथे कुणी विचारलं नाही. त्याला सिकलसेल होता, आणि आमच्या भागात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रक्ताचा जन्मजात आजार; थंडी वाढली, पाणी कमी पडलं, दगदग झाली की हाडं आतून ठणकायला लागतात, माणूस आठ-आठ दिवस झोपून राहतो, कधी रक्त चढवावं लागतं. प्रशिक मात्र त्याबद्दल कधी लांबण लावायचा नाही. परत आला की म्हणायचा, “अंग जरा मोडून आलं होतं, मॅडम,” आणि संगणक सुरू करायचा.

माझी-त्याची दोस्ती झाली ती शब्दांमुळे. मी मराठी शिकवते. तो एक दिवस माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आला. मुलांसाठी त्यानं एक वेबसाइट तयार केली होती. कुठला निबंध कधी द्यायचा, प्रात्यक्षिक कधी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे सगळं मुलांनी तिथे टाकायचं, आणि साइटनं त्यांना दिवसाचा आराखडा आखून द्यायचा. सगळं इंग्रजीत होतं. “याले मराठी कपडे शिवून द्या,” तो म्हणाला. मी मोठ्या हौसेनं शिवले. ‘नियोजन फलक’, ‘प्रलंबित कार्ये’, ‘प्राधान्यक्रम निश्चिती’. दोघंही खूश होतो. प्राचार्यांनी कार्यक्रम ठेवला, नारळ फुटला, मुलांनी टाळ्या वाजवल्या... आणि नंतर ती साइट कुणी उघडेना.

प्रशिकनं मुलांकडून अभिप्राय मागवले. झाडून सगळ्यांनी ‘छान आहे सर’ असं लिहिलं. मला बरं वाटलं, तो मात्र कपाळाला हात लावून बसला. “छान आहे म्हणजे वापरत नाई, मॅडम. वापरलं असतं तर कोनी ना कोनी शिव्या दिल्या असत्या.” दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी संगणक कक्षात एकेका मुलाला बोलवायला लागला. त्याच्याच हातात त्याचा फोन ठेवायचा आणि म्हणायचा, “उद्याचं प्रात्यक्षिक याच्यात टाकून दाखव.” मग स्वतः शेजारी बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बोट दाखवायचा मोह होऊ नये म्हणून! मूल अडायचं, भलतीकडेच दाबायचं, घाम पुसायचं, आणि हा नुसता बघत राहायचा. मला तिथे थांबणं असह्य व्हायचं. एका मुलानं मला विचारलं, “मॅडम, प्रलंबित म्हणजे लटकलेलं काय?” प्रशिक इतका हसला की त्याला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही माझे सगळे भरजरी शब्द उतरवले. ‘प्रलंबित कार्ये’चं ‘राहिलेलं’ झालं, आणि साइटचं नाव नुसतं ‘आजचं’.

पण खरी गोष्ट सांगितली ती सरितानं. सरिता कुरखेड्यापासून बरीच आत, जंगलातल्या एका गावची. बोलायची कमी. तिला साइट का उघडत नाहीस असं विचारलं तर बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “सर, मी उघडत होती. मंग मोहफुलं पडाचे दिवस आले. घरी मानसं कमी, म्हनून मी वेचाले गेली. पंधरा दिवसांनी आली अन् उघडलं, तर अख्खी लाल. हे नाई केलं, ते नाई केलं. अंगावर ओरडल्यावानी वाटलं. बंद करून टाकलं.” प्रशिक नेहमी लगेच काहीतरी विचारायचा. त्या दिवशी मात्र मांडीखालचे हात काढले, चष्मा पुसला आणि म्हणाला, “जा तू. बस निघून जाईन तुही.”

पुढच्या हिवाळ्यात तो स्वतः आजारी पडला. गडचिरोलीला दवाखान्यात होता, बरेच दिवस. परत आला तो अर्धा झालेला. स्वतःची कामंही तो त्या साइटवरच टाकायचा. लॅपटॉप माझ्यापुढे फिरवून म्हणाला, “पाहा, माह्यीबी लाल झाली.” हसत होता. त्या दोन गोष्टी त्यानं एकमेकींना जोडल्या का, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात लाल रंग साइटवरून साफ गेला. उघडल्यावर फक्त त्या दिवसाचं काम दिसायचं, जास्तीत जास्त तीन ओळी. मागचं सगळं एका कप्प्यात, आपण होऊन उघडलं तरच दिसणारं. आणि तिथे प्रत्येक कामापुढे तीन बटणं: ‘आज करू’, ‘उद्या करू’, ‘सोडून दे’.

या तिसऱ्या बटणावरून बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. अभ्यासाच्या साइटवर ‘सोडून दे’? प्राचार्य म्हणाले, उद्या पालक विचारतील. खरं सांगायचं तर मलाही ते रुचलं नव्हतं. प्रशिक शांतपणे म्हणाला, “सर, ज्याची तारीखच निघून गेली, त्याले पोरानं किती दिवस छातीशी धरून ठेवायचं? ते सोडलं तर आजचं तरी करन.” प्राचार्यांनी महिनाभर बघू म्हणून परवानगी दिली. महिन्याभरात मुलं परत यायला लागली. सरिताही आली. नंतर नंतर तर वसतिगृहातल्या मुली एकमेकींना “तुह्यं आजचं किती राह्यलं?” असं विचारायच्या. प्रशिक कॉरिडॉरमधून जाताना ते ऐकायचा आणि ऐकलंच नाही असं दाखवायचा.

यंदाचं वर्ष त्याला चांगलं गेलं होतं. अख्खा हिवाळा दवाखाना नाही, गालांवर थोडं मांस आलेलं. आम्ही सगळे विसरलो होतो. हेच मला पुन्हा पुन्हा आठवून हादरायला होतं. आम्हाला सगळं माहीत होतं, हा आजार कसा अवचित घात करतो तेही माहीत होतं, आणि तरी त्या शनिवारी त्याच्याशी मी भांडत होते ते एका बटणावरून! देविदास नावाच्या मुलाच्या फोनची काच वरून फुटलेली. वरच्या भागात बोट लावलं तरी काही होत नसे, आणि आमचं ‘झालं’ हे बटण नेमकं वरच्या कोपऱ्यात. प्रशिकनं मग वर्गावर्गात फिरून फोन पाहिले, तर अशा फुटक्या फोनांची कितीतरी मुलं निघाली. बटण खाली आणायचं, तो म्हणाला. मी म्हटलं, खाली कसं दिसेल ते, उगाच अंगावर आल्यासारखं. “मॅडम, दिसते कसं ते सोडा. लागते का ते पाहा.” एवढं बोलून बाटली उचलून तो बसस्टँडकडे गेला. मी नीट निरोपही घेतला नाही. सोमवारी भेटणारच होता ना...

रविवारी दुपारी जेवून उठल्यावर त्याच्या छातीत दुखायला लागलं. दम लागला. वडिलांनी ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेलं, सलाईन-ऑक्सिजन सगळं लागलं, बोलतही होता म्हणे. सकाळी नाही राहिला. एवढंच. मी नागभीडला पोचले तेव्हा त्याच्या वडिलांनी मला हे दारातच उभं राहून सांगितलं, सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. “जेवला होता, बाई. दोनदा भात घेतला होता त्यानं.” त्या दोनदा घेतलेल्या भाताशी ते अडून बसले होते. जणू एवढा भात खाणारा माणूस असा जाऊच शकत नाही.

घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं, पंचशील म्हणणारे खालचे आवाज. मी पुढे गेले. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की हा दुसराच कुणीतरी आहे, आपण चुकीच्या घरात आलो. मागे वळून बघितलं तर आमची मुलं अंगणात उभी. एक जीप ठरवून आली होती, सरिताही होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तीही रडत नव्हती. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो.

सगळं झाल्यावर त्याच्या आई मुलींमध्ये येऊन बसल्या. मग त्याच म्हणाल्या, “दिवसभर लॅपटॉपवर काईतरी करत राहे. आमाले काई कळे नाई. काय केलं होतं त्यानं?” सरितानं फोन काढला, ‘आजचं’ उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. पांढरा पडदा, त्यावर काळ्या अक्षरांत दोन ओळी, खाली एक बटण. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, उलटा करून मागूनही पाहिला. “इतकंसंच?” त्यांनी विचारलं. “एवढे दिवस बसून इतकंसंच केलं माह्या पोरानं?” सरिता म्हणाली, “पयले लय मोठं होतं, मावशी. सरनं लहान केलं.” आईंनी तिच्याकडे बघितलं. कळलं की नाही, ठाऊक नाही. पण फोन त्यांनी लगेच परत दिला नाही.

याला आता काही आठवडे झाले. साइट चालू आहे. पुण्यातला त्याचा एक मित्र तिची देखभाल करतो, आणि मुलांनी लिहिलेल्या तक्रारी माझ्याकडे येतात. तक्रारीच्या चौकटीवर प्रशिकनं ‘काय बरं नाई वाटत?’ असं लिहून ठेवलंय, ते मी तसंच राहू दिलं. मागच्या आठवड्यात तिथे एक मजकूर आला. एटापल्लीकडच्या एका मुलीचा. घरी आजारपण निघालं म्हणून ती जानेवारीतच गावी गेली होती, आता परीक्षेलाच येणार. तिनं लिहिलं होतं: “प्रशिक सर, आमच्याकडे नेटवर्क टेकडीवरच येते. उन्हात बसून पाहावं लागते. तारखा पुसट दिसतेत. ठळक करा ना.”

वरचं ‘प्रशिक सर’ मी पुन्हा वाचलं. तिला कुणी कळवलं नव्हतं. सगळ्यांना कळलं असेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पुण्याच्या मित्राला फोन लावला. करड्या रंगातल्या तारखा त्यानं त्याच दुपारी काळ्या केल्या, अक्षर थोडं मोठं केलं. मी फोन घेऊन कॉलेजच्या पटांगणात गेले, मध्यावर, जिथे झाड नाही तिथे, आणि चटके बसत असताना स्क्रीन समोर धरून उभी राहिले. शिपाईबाई पायरीवरून ओरडल्या, “मॅडम, उन्हात काऊन उभ्या?” तारखा स्वच्छ दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. “आता दिसते सर.”

परीक्षेला ती येईल तेव्हा तिला समोर बसवून सांगावं लागेल. तिथे टेकडीवर एकटीनं तिनं हे वाचावं, असं मला वाटेना. तिचं उत्तर आलं त्या दिवशी मी बराच वेळ त्या चौकटीपुढे बसले, दोनदा काहीतरी लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी ‘बरं’ एवढंच लिहून पाठवलं. खाली नाव घातलं नाही.