काठी कोणी धरायची

कॉलेजसाठी मी गाव सोडलं त्या दिवशी बानं मला पांदणीनं नेलं नाही. मोटार फुलसावंगीच्या रस्त्यावर मिळायची आणि आमच्या वस्तीतून तिकडे जायला शेतांमधली पांदणच जवळची. पण बा म्हणाला, "गावातून चाल." पत्र्याची पेटी माझ्या डोक्यावर, माय मागून भाकरीचं गाठोडं घेऊन. देवळावरून, दुकानावरून, चावडीवरून आम्ही निघालो. चावडीच्या ओट्यावर पाटील बसले होते.

"काय रे किसन्या, कुठं चालली वरात?"

"पोरगं कॉलेजात चाललं, यवतमाळले," बा चालता चालताच म्हणाला. पाटलांपुढे बा न थांबता बोलल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला धडकी भरली. माय रडली नाही. मोटार सुटताना एवढंच म्हणाली, "उपाशी नोको राहू, अन् कोनापुढं वाकू नोको."

आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. यवतमाळहून पुढे विद्यापीठात गेलो, इतिहास घेतला. हॉस्टेल, मेस, लायब्ररी, सेमिनार हे शब्द तोंडात बसले. 'मले, तुले' सुटून 'मला, तुला' आलं. गावी गेलो की माय हसायची, "काय बोलून राह्यला रे हा, रेडिओवानी!" तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हे हसण्यावारी वाटेल. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना ठाऊक आहे, जीभ बदलायला किती जीव लागतो.

आमच्या विभागाची एक पद्धत होती. हिवाळ्यात लोकांसाठी इतिहासाची व्याख्यानं ठेवायची, तीही विद्यापीठात नाही, एखाद्या जिल्ह्याच्या गावी. व्याख्यान झालं की चहा-चिवडा, ओळखीपाळखी, आणि लोकांनी घरून आणलेल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. त्या वर्षी यवतमाळ ठरलं. मी त्या भागातला, म्हणून आमच्या विभागप्रमुख सरांनी सारी व्यवस्था माझ्यावर टाकली. विभागात सहायकाची जागा निघणार होती आणि ती सरांच्या शब्दावर मिळणार होती. मी जीव तोडून कामाला लागलो. महागाव, आर्णी, उमरखेडपर्यंत निरोप धाडले. घरी सांगितलं, बा, तूही ये, काही जुनं असलं तर घेऊन ये.

बा म्हणाला, "आपल्या घरी जुनं कुठून आनू? जुनं होतं थे सारं टाकून देलं."

खरं होतं. आमच्या घराकडे गावची महारकी होती. घुंगरं लावलेली काठी घेऊन बा पाटलांच्या पुढे चालायचा, दवंडी द्यायचा, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचा. छप्पन्नला दीक्षा घेऊन आला तसं त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि काठी नेऊन चावडीच्या ओट्यावर ठेवली. त्यानंतर गावानं आमचं काय काय बंद केलं ते वस्तीतल्यांना सांगायला नको.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. लोकांनी सनदा आणल्या, जरीचे शेले आणले, अडकित्ते आणले. मी टेबलावर मांडत होतो. तेवढ्यात आमचे पाटील आले. एक तलवार आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "उघड. आमच्या घरची जुनी वस्तू हाये."

फडकं सोडलं आणि आतून बाची काठी निघाली. घुंगरांच्या चामड्याला बानं मारलेली गाठ मला लांबूनही ओळखता आली असती. मला वाटलं होतं, ती काठी कधीच चुलीत गेली असेल. सर येऊन म्हणाले, "वा! दुर्मिळ आहे. मध्ये ठेव." मी ठेवली.

सर व्याख्यानात जुन्या गावाबद्दल बोलले. गाव एका देहासारखं होतं, ज्याचं त्याचं काम ठरलेलं, भांडणतंटा नाही. सर वाईट माणूस नव्हते. पुस्तकात होतं ते सांगत होते. बा मधल्या रांगेत खुर्चीवर पाठ ताठ करून बसून ऐकत होता.

व्याख्यानानंतर लोक चहाचे कप घेऊन टेबलाभोवती जमले. पाटील खुशीत होते. सरांना म्हणाले, "अन् या काठीवाला त इथंच आला हाये! ए किसन्या, ये इकडं."

सर हरखले. त्यांच्या दृष्टीनं टेबलावरची वस्तू जिवंत झाली होती. फोटो स्टुडिओचा माणूस बोलावलेलाच होता. "या ना, बाबा," सर म्हणाले. "काठी हातात घ्या, पूर्वी धरत होता तशी. पाटील, तुम्ही शेजारी उभे राहा. सुंदर फोटो येईल."

मी सगळ्या सभेच्या मध्ये उभा होतो. सरांना थांबवावं तर कसं? न थांबवावं तर माझ्या डोळ्यांपुढे बा ती काठी पुन्हा उचलणार, आणि त्याचा कायमचा फोटो निघणार.

बा टेबलापाशी आला. काठीकडे पाहिलं. हात मागे बांधले.

"साहेब, हे काठी मी ठेवून देली. आता उचलत नाही."

"एका मिनिटाचं तर काम आहे, बाबा," फोटोवाला काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला.

मागून कोणी तरी ओरडलं, "धर ना बुढ्या! पेपरात येशीन!" लोक हसले.

बाही हसला. मग पाटलांकडे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाला, "फोटो काढाचा त काढा, मी उभा राह्यतो. काठी पाटील धरतीन. त्याइच्याच घरची वस्तू हाये, त्याइनंच सांगतलं."

हसणं एकदम थांबलं. पाटलांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. काठी आपल्या घरची नाही असं म्हणावं तर सगळ्यांदेखत आताच सांगून झालेलं. धरत नाही म्हणावं तर का धरत नाही ते शहरातल्या माणसांपुढे सांगावं लागणार. सर कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे पाहत होते. त्यांना आता कुठं काही उमगत होतं.

पाटलांनी काठी उचलली. घुंगरं वाजली. बा हात मागे बांधून त्यांच्या शेजारी उभा राहिला. फोटोवाल्यानं भपकन उजेड पाडला.

मी पुस्तकं वाचून इतिहासाचा पदवीधर झालो होतो, आणि तो माझ्यासमोर घडला तेव्हा मी बघ्यांत उभा होतो.

संध्याकाळी बाला स्टँडवर सोडायला गेलो. म्हटलं, "बा, आता गावी नको जाऊ. चार दिवस माझ्यासोबत चाल."

"अन् पाचव्या दिवशी?" बा म्हणाला आणि मोटारीत चढला. पाटील त्याच मोटारीत होते. रस्ताभर माझ्या बाचं काय होईल या विचारानं मला रात्री जेवण गेलं नाही. पुढे भेटीत विचारलं, पाटील काय बोलले? म्हणे, महागावपर्यंत एक शब्द नाही. उतरताना एवढंच विचारलं, "फोटो कवा भेटन?"

पण एवढ्यावर सुटका झाली असं कोणी समजू नका. त्या हंगामात पाटलांच्या शेतात कापूस वेचायला आमच्या वस्तीतल्या एकाही बाईला बोलावणं आलं नाही. माय दुसऱ्या गावच्या शिवारात पायी जायची. हे मला घरच्यांनी कळवलं नाही, परक्या माणसाकडून कळलं.

सहायकाची जागा मला मिळाली. सरांनी त्यानंतर ते व्याख्यान पुन्हा कधी दिलं नाही, आणि आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. शहरात मी बिऱ्हाड केलं. बा येतो, थोडे दिवस राहतो आणि एका सकाळी धोतर झटकून उभा राहतो. "चाल, मोटारीत बसवून दे."

"इथं काय कमी आहे तुला?"

"कमी काई नाही. पन इथं मले कोन ओळखते? तिथं ओळखते सारे. अन् आता बराबर ओळखते."

मला इथे सगळे सर म्हणतात. बाला तिथे अजूनही कोणी पुरतं किसन म्हणत नाही. तरी घर त्याचं आहे. मी खोलीत राहतो.