भैयाजींची कासवं

भैयाजी पाहुण्याला आधी कासवं दाखवायचे, मग बैठकीतली वाघाची कातडी, मग आजोबांची बंदूक. बायको दाखवायची त्यांना आठवण होत नसे. चहाची तबकडी घेऊन ती बाहेर आली की पाहुणा स्वतःहून नमस्कार करायचा, तेव्हा भैयाजी म्हणायचे, "हे आमचे घरचे लोक."

मूल गावात आम्ही त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं तेव्हा माझं नवीनच लग्न झालेलं होतं. माझे यजमान धानाच्या गिरणीत इंजिनावर होते. भैयाजींची मालगुजारी सरकारने काढून घेतली होती; गावं गेली, पण चेहऱ्यावरचा मालगुजार काही गेला नव्हता. भाजीवाल्याने नमस्कार केला नाही तर दुपारपर्यंत तेच बोलत बसायचे. माझ्या यजमानांना त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "ए इंजिन," म्हणायचे, आणि आपल्याच विनोदावर हसायचे.

कासवं त्यांना सिरोंचाकडच्या एका ठेकेदाराने दिलेली. दोन लहान आणि एक चांगलं थोरलं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. भैयाजी वेताच्या छडीने त्या पाठीवर टकटक करायचे आणि पाहुण्याला सांगायचे, "मोठ्या घरची चाल पाहा. घाई नाई, गडबड नाई." हे सांगणाऱ्या माणसाला चहा निवेपर्यंत दम नसे. बशीत ओतून, फुंकर न मारता प्यायचे, तोंड भाजलं की बायकोला शिव्या.

कासवांना सांभाळायच्या यमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको. अंबाडीचा पाला, भोपळ्याच्या साली, उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी. यातली मादी कोणती हे भैयाजींना माहीतही नव्हतं. यमुनाबाईंना मूल झालं नव्हतं. हे त्या कधी बोलल्या नाहीत. बोलायचं काम भैयाजी करायचे, तेही चारचौघांत.

त्या वर्षी कार्तिकात थोरलं कासव खाईना. घरामागच्या सांदवाडीत सीताफळाच्या झाडाभोवती नुसतं फिरत राहायचं, माती हुंगायचं, पुढे सरकायचं. एका दुपारी यमुनाबाईंनी मला भिंतीवरून हळूच हाक मारली. कासव मागच्या पायांनी खड्डा करत होतं. एक पाय माती काढायचा, बाजूला सारायचा, मग दुसरा. मान वळवून ते एकदाही मागे पाहत नव्हतं. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. पांढरी अंडी एकेक करून खाली उतरली. मग त्याने त्याच पायांनी माती ओढली आणि पोटाने दाबून दाबून जागा सपाट केली. यमुनाबाईंनी तिथे बांबूची टोपली पालथी घातली, वर दगड ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हिले कोणी शिकवलं असन वो?" एवढंच त्या म्हणाल्या.

भैयाजींना मोलकरणीकडून कळलं. लगेच गावातली चार माणसं बोलावली. यमुनाबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा भैयाजी म्हणाले, "चला, माह्या घरात एक तरी बाई कामाची निघाली." माणसं हसली. यमुनाबाईंनी तबकडी खाली ठेवली आणि आत गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. तेव्हापासून त्या माणसाविषयी मला जे वाटलं, ते पुढे कधी बदललं नाही.

अंडी हा शकुन आहे असं भैयाजींनी स्वतःच ठरवलं. घरात वंश येणार. तो कसा येणार, तर दुसऱ्या बायकोकडून. एक असताना दुसरी करता येत नाही असा कायदा नुकताच झाला होता. माझ्या यजमानांनी ते सुचवून पाहिलं. कायदा लहान लोकांसाठी असतो, असं उत्तर मिळालं. होळीच्या आधी त्यांनी नागभीडकडचे एक गृहस्थ बोलावले. मुलीचा बाप, साधा, कोसा रेशमाचं उपरणं घेतलेला माणूस. भैयाजींनी त्यांना बंदूक दाखवली, कातडी दाखवली आणि मग शकुन दाखवायला सांदवाडीत आणलं.

यमुनाबाई धुणं वाळत घालत होत्या. अंडी हलवायची नसतात, ती जशी पडली तशीच राहू द्यायची, हे त्यांनी नवऱ्याला कितीदा सांगितलं होतं. भैयाजींनी टोपली लाथेने उडवली, छडीने माती उकरली आणि एक अंडं उचलून उन्हात धरलं. मग कानाशी नेऊन हलवलं.

"ठेवा ते खाली," यमुनाबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते अंड्यातलं?" भैयाजी म्हणाले आणि अंडं त्यांच्या मुठीत फुटलं.

आत पूर्ण झालेलं पिल्लू होतं. अंगठ्याच्या पेराएवढं, मऊ पाठीचं. पाय किंचित हलले आणि थांबले. भैयाजींनी हात झटकला आणि धोतराला पुसला. दुसरं दाखवतो म्हणून ते पुन्हा वाकले, तोच पाहुण्यांनी पायरीशी काढलेल्या चपला पायांत घातल्या.

"भैयाजी, मी पोरीसाठी घर पाहाले आलो होतो," ते म्हणाले. "पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईंनी तिन्ही कासवं एका हाऱ्यात ठेवली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि राजुऱ्याला भावाकडे जायला निघाल्या. भैयाजी ओसरीवर उभे राहून रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या. चार दिसात येते." उरलेल्या अंड्यांवर मी माती ओढली होती, पण पावसाळा आला तरी त्यातून काही निघालं नाही. यमुनाबाईही आल्या नाहीत.

काही वर्षांनी भैयाजींनी अंथरूण धरलं. औषधपाणी आम्हीच पाहायचो. दुसरं कोणी उरलं नव्हतं. बायकोला आणा म्हणाले, म्हणून माझे यजमान राजुऱ्याला गेले. यमुनाबाईंनी त्यांना जेवू घातलं, माझी विचारपूस केली, सगळं ऐकून घेतलं. निघताना म्हणाल्या, "त्याहिले सांगा, यमुना बरी हाये. त्याहिनं कधी विचारलं नाई, म्हणून मीच सांगून राह्यली."

यजमानांनी शब्दाला शब्द निरोप दिला.  भैयाजींनी विचारलं ते एवढंच, "लोकात माह्याबद्दल काय सांगते ती?"

"काहीच नाही," यजमान म्हणाले. "तुमचं नावच काढत नाहीत."

भैयाजींना याचंच सगळ्यात वाईट वाटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याभरात गेले. मरणाने माणसाबद्दलचं मत मऊ होतं असं म्हणतात. मी वाट पाहिली, तसं काही झालं नाही. शेजारात प्रेत असताना चूल पेटवत नाहीत, म्हणून लोक त्यांना घेऊन जाईपर्यंत मी थांबले. मग हातपाय धुतले आणि भात टाकला.