राखेच्या रस्त्याचं पाणी

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आत्यानं मला स्वतःकडं ठेवून घेतलं आणि पदवी हातात पडेपर्यंत डबा करून दिला.

आत्याचं घर साखर कारखान्याच्या मागं. बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची राख तिच्या परसामागं आणून ओततात. गाळप सुरू झालं की वाळत घातलेली लुगडी काळी होतात. तिला आता चार पावलं चाललं तरी दम लागतो.

हीच राख चाळून, बारीक दळून काँक्रीटमध्ये घातली तर सिमेंट कमी लागतं, हे मी कॉलेजात शिकलो. सिमेंटच्या भट्ट्या कमी जळाल्या तर हवेत जाणारा कार्बनही घटतो. मात्र या काँक्रीटला बळ सावकाश येतं, म्हणून त्यावर जास्त दिवस पाणी मारावं लागतं.

मी एका ठेकेदाराकडं साइटवर इंजिनिअर आहे. गेल्या उन्हाळ्यात आत्याच्याच गावातली शाळेपुढची गल्ली राखेच्या काँक्रीटनं करायची परवानगी मिळाली. ती टिकली तर तालुक्यातल्या बाकी रस्त्यांना हीच राख वापरायची आणि परसामागचा ढीग उचलायचा, असं ठरलं होतं.

काँक्रीट टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तर वर अंथरलेली पोती कोरडी ठाक.

"पाण्याचा टँकर कुठं हाय?" मी मुकादमाला विचारलं.

"हेलिपॅडवर. पुढारी यायलेत, धुरळा बसवायचाय."

"आणि रस्ता?"

"रस्ता काय पळून चाललाय का, साहेब?"

टँकर आठवडाभर फिरकला नाही. पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं आणि उडालंही, मग त्याच पाण्यानं कुस्त्यांच्या मंडपापुढची लाल माती भिजवली. इकडं रस्त्याला भेगा पडल्या, झाडू मारला की पीठ निघू लागलं. पाहणीला आलेले अधिकारी बुटाचं टोक घासत म्हणाले, "राखेनं भांडी घासावीत. रस्ते कुणी करतं का?" सगळे हसले. पाणी न मिळालेला साधा सिमेंटचा रस्ताही असाच उकलला असता, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी अहवालात दोष राखेला लावला आणि सहीसाठी कागद माझ्यापुढं सरकवला. 'राख निकृष्ट' हे शब्द वाचून मी तो परत सरकवला.

त्याच रात्री आत्याला पत्र लिहिलं. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही.

"आत्या, तुम्हाला नमस्कार. ढीग यंदा उचलत नाहीत. राखेचा दोष नाही, पाणी पळवलं. मी सही केली नाही आणि तसं अधिकाऱ्यांना लेखी दिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. 'गल्ली उकरून पुन्हा करू द्या, पाणी मी स्वतः उभा राहून मारतो,' असंही त्यात लिहिलंय. तोवर ढिगावर ताडपत्री टाकायचं कारखान्यानं कबूल केलंय. पुढल्या सोमवारपर्यंत टाकली नाही तर शेजारच्या वहिनींना मला फोन करायला सांगा. मी येतो आणि गेटवर बसतो."