बेपत्ता भावाची बहीण

बनाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला दवाखान्याच्या रांगेत उभा होतो. चुलतभाऊ म्हणाला, "आत्या सकाळी चहा पिली आन् बसल्या जागीच गेली." पाठोपाठ तो म्हणाला, "चहा मात्र आधी मले प्यायला लावला होता." आम्ही दोघंही हसलो. नव्वदी ओलांडलेली माझी ही आत्या, वडिलांची मोठी बहीण, जगात कुणावरही सहजासहजी विश्वास ठेवत नसे. दूध हुंगून घ्यायची, कापसाचा काटा स्वतः वाकून बघायची. कुणालाही एकच गोष्ट दोनदा विचारायची, मध्ये दोन-चार दिवस जाऊ देऊन, आणि दोन्ही उत्तरं मनात जुळवून बघायची. हा संशय तिला तिच्या थोरल्या भावामुळे जडला होता. तो भाऊ म्हणजे तुळशीराम.

तुळशीराम लढाईवर गेला तेव्हा आत्या सात-आठ वर्षांची होती. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगानं काटक, झोपेत करकर दात खाणारा, अशी त्याची आठवण ती सांगायची. पांढरकवड्याहून भरतीच्या गाडीत बसताना त्यानं तिला खांद्यावर घेतलं होतं. पुढं पलटण ब्रह्मदेशात गेल्याचं कळलं, आणि एके दिवशी पाटलानं आजीला बोलावून सांगितलं की तुळशीराम बेपत्ता आहे. आजीनं विचारलं, "म्हंजे मेला का?" पाटील म्हणाला, "तसं नाही. सापडून नाही राह्यला." आजीनं डोळ्याला पदर लावला नाही. सापडत नाही म्हणजे कुठंतरी आहे, असा तिनं सरळ अर्थ घेतला.

लढाई संपल्यावर खाकी कपड्यातला एक जवान सायकल हातात धरून गावातून चालला होता. आजीनं धावत जाऊन त्याचा दंड धरला. तो राळेगावकडचा गणपत. "तुळशीराम माह्या संगं होता," तो ओसरीत बसून म्हणाला. "एक नदी पार करून राह्यलो होतो. मी पुढं निघालो, तो मागं राह्यला. मंग गर्दीत दिसला नाही." आजीनं त्याला जेवू घातलं. पुढं तो दरवर्षी कापूस निघाला की येऊ लागला, आणि आजी दरवर्षी तीच गोष्ट त्याच्याकडून ऐकू लागली. आत्या दाराआडून ऐकायची. पहिल्या वर्षी दादा धडधाकट होता, दुसऱ्या वर्षी त्याला ताप होता. एकदा नदी होती, एकदा नुसता चिखल. दहा-अकरा वर्षांच्या त्या पोरीच्या मनानं तेव्हाच घेतलं की हा माणूस दादाला तापात टाकून पळाला आहे, आणि आता आमच्या घरी येऊन पाप धुतो आहे.

आजीच्या मनात मात्र वेगळंच होतं. आत्या लग्नाची झाली तेव्हा तिनं गणपतलाच जावई करायचं ठरवलं. आत्या म्हणाली, "विहिरीत ढकलून दे, पण त्याच्या घरी नको धाडू." ते लग्न झालं नाही. दुसरीकडं दिलं, नवरा लवकर वारला, आत्या माहेरी परतली आणि आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. आजी गेली तेव्हा गणपत तिच्या तिरडीला खांदा द्यायला आला होता. आत्या त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

मी नोकरीला लागलो, त्यानंतर काही वर्षांनी निरोप आला. गणपत अंथरुणाला खिळला होता आणि बनाबाईला भेटायचं म्हणत होता. मी तिला एसटीनं राळेगावला घेऊन गेलो. गणपतच्या सुनेनं स्टूल दिलं, पण आत्या बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "सांग. कुठं टाकलं माह्या भावाले?"

गणपतचा आवाज बसला होता. "बने, म्या तुह्या भावाले कधी पाह्यलंच नाही. मी बर्म्यात गेलोच नाही. पुण्याकडं खेचरं सांभाळत होतो. त्या दिवशी सायकल पंक्चर झालती म्हणून तुमच्या गावातून पायी चाललो होतो. तुह्या मायनं इचारलं, माह्या तुळशीरामले पाह्यलं का... मले नाही म्हणणं जमलं नाही."

"मंग दरसाल कायले येत होता?"

"वाट पाहे ना ती."

आत्या भिंतीला टेकली. तो खोटं बोलतो हे तिनं लहानपणीच ओळखलं होतं, पण खोटं नेमकं काय ते तिला उभ्या जन्मात कळलं नव्हतं. ज्याच्यावर तिनं इतकी वर्षं राग धरला, त्यानं काहीच केलं नव्हतं. आणि दादाबद्दल जे जे ठाऊक होतं, ती नदी, तो ताप, तो चिखल, ते सगळं एका वाक्यात पुसलं गेलं. तिनं त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत वडकीच्या पुढं ती एकदम म्हणाली, "आत्ता खोटं बोलला तो. मरताना मोकळं व्हायले." मी म्हटलं, काहून? "दादा झोपेत दात खाये, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कसं म्हाईत त्याले?" आजीनंच सांगितलं असेल, मी म्हणालो. "मायनं सांगितलं असतं तं दाराआडून मले ऐकू नसतं आलं का?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

चार-पाच वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं गावातल्या जवानांच्या नावाचा दगड बसवला. तुळशीरामच्या नावापुढं ‘शहीद’ कोरलं होतं. आत्या काठी टेकत गेली आणि गवंड्यापुढं बसून राहिली, तो शब्द छिलून ‘बेपत्ता’ होईपर्यंत उठली नाही. लोक म्हणाले, म्हातारी भावाचा मान घालवते.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर सरपंचबाई माझ्याजवळ आल्या. चांगल्या मनाच्या बाई आहेत. हळूच म्हणाल्या, "काका, आता आत्या नाही राहिल्या. त्या दगडावर पुन्हा ‘शहीद’ करून घेऊ का? शोभून दिसन." समोर आत्याचा फोटो होता, त्यावर पांढऱ्या फुलांचा हार होता. हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर भलतंच आलं.

"तो मेला, असं तुम्हाले कोणी सांगितलं?"